वाढत्या अंगाचे टायर

ती. दाजी,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, वाकता येत नाही, म्हणून नुसता लिहून पोचता करतो. का धरली ते पुढे येईलच.) तुमची तब्येत, अक्काचा गुडघा आणि तुमचा नवा खडूस साहेब, तिघंही ताळ्यावर असतील. इकडे ही सुखरूप आहे, आमची छकुली सुखरूप आहे, हे फोनवर कळलंच. तुमची गाडीही सुखरूप आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

परगावी जाताना तुम्ही गाडीची चावी माझ्या हातात ठेवून म्हणालात, "बायकोला दवाखान्यात न्यायची वेळ आली की कुणाच्या तोंडाकडे बघू नकोस." केवढा धीर आला होता! पण टायर पार गुळगुळीत झालेले (रागावू नका, हात लावला की तुमच्या टकलाचीच आठवण यायची). असल्या टायरांवर पोटुशीला न्यायचं म्हणजे काळजात धस्स. म्हणून नवे घालायचं ठरवलं. जुन्यांवर रुंदी होती १६५. दुकानदार म्हणाला, हीच घ्या. पण दाजी, अक्का तुमची बायको नंतर झाली, आधी ती माझी मोठी बहीण. तिच्या हाताखाली वाढलो मी! आमच्या घरात मापाची वस्तू कधी आलीच नाही. चड्डी वाढत्या अंगाची, बूट पुढे कापूस कोंबून. त्यात आता घरात माणूस वाढणार. मी ऐटीत म्हटलं, १९५ दाखवा. रुंद असले की रस्ता घट्ट धरतील. तो बिचारा म्हणाला, "चढतील, पण वळताना आत घासतील." मी म्हटलं, रुळतील हो, नवी चप्पलही आधी चावतेच. त्याने कपाळाला हात लावला आणि टायर चढवले.

गाडी काय रुबाबदार दिसायला लागली! सरळ रस्त्यावर तर लोण्यासारखी. पण स्टिअरिंग जरा जास्त वळवलं की आतून असं खर्रर्र व्हायचं की गल्लीतली कुत्री उठून जायची. मग मी ऐसपैस वळणांचेच रस्ते धरले. समोरच्या दुकानातून दूध आणायला पूल ओलांडून मोठ्या चौकाला वळसा घालायचो. (चालत का नाही गेलो, असं ही विचारायची. अहो, टायर रुळवायचे होते ना!) पण टायर रुळायच्या आधी कळा आल्या.

भर दुपारची वेळ. मागे ही, तिच्या शेजारी सासूबाई, पुढे घामाघूम मी. दवाखान्यापर्यंत निभावलं, पण त्याचं फाटक नेमकं अरुंद गल्लीत, काटकोनात. वळवलं, खर्रर्र झालं, चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर सुटून टायरमध्ये गुंतलं आणि गाडी अडली ती अडलीच. मागून हॉर्नवर हॉर्न. दाजी, माझ्या शहाणपणापायी हिला काही झालं तर? धावत उतरून मागचं दार उघडलं. ही गाडीच्या दोन दारांमधल्या खांबाला धरून थांबली. कळ आली असेल म्हणून हात पुढे केला, तर ही खांबावर कंपनीने चिकटवलेली पट्टी वाचत होती! "अहो, टायरचं माप १६५. इथेच लिहिलंय की!" एवढं बोलली आणि खरी कळ आली. माझ्या दंडावर तिच्या बोटांचे वळ अजून आहेत.

रखवालदाराने चाकांची खुर्ची आणली आणि हिला आत नेलं. आम्ही चारचौघांनी गाडी उचलून, ढकलून कडेला घेतली, पाठ गेली ती तिथेच. जरा दम खातोय तोच (पोरीला भलतीच घाई!) सासूबाई धावत बाहेर आल्या. "मुलगी! दोघीही छान आहेत!" मी त्याच मेल्या टायरला टेकून खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं, मुलगी झाली म्हणून रडतोय. एक आजोबा समजूत घालायला आले, त्यांनाच मिठी मारली.

अक्काला नमस्कार.

तुमचा मोडक्या पाठीचा मेहुणा

ता.क. गाडीला आता १६५ घातले आहेत, सुतासारखी वळते. ते चार रुंद टायर तुमच्या पलंगाखाली ठेवलेत, दुकानदार परत घेत नाही. अगदी नवे आहेत हो! तेव्हा एकच विनंती, पुढची गाडी घ्याल ती त्यांना बसेल अशी घ्या.

ता.क. २ अक्काने पाठवलेलं झबलं छकुलीला घातलं. त्यात छकुली सापडेना. ही म्हणते, अक्कांना लिहा, पुढचं मापाचं पाठवा. तिच्यासमोर लिहिलं. तुम्ही मात्र अक्काला हे वाचून दाखवू नका. पोर वाढत्या अंगाची आहे.