पिंपं नसलेली गल्ली

सोलापूर,
१८ एप्रिल २०२५

चि. कीर्तीस धर्मपालमामाचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुमच्या आंतरराष्ट्रीय संस्थेविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. आमची गल्ली पाहायला तुम्ही नैरोबीहून पाठवलेल्या श्रीयुत पाउलो यांनी शेंगाची चटणी, खास त्यांच्यासाठी आणलेल्या पावाला, जॅमसारखी फासून खाल्ली. शेजारी दही होतं, भाकरी होती. अठ्ठावीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवतोय, संधींची वाटेल ती मोडतोड सोसली. हे मात्र पाहवलं नाही.

बाकी माणूस लाखमोलाचा. ब्राझीलचा. चपला बाहेर काढून आत आला, तुझ्या आईच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या हातचा चहा दोनदा मागून प्याला. आणि तुझे तर किती आभार मानू? पाण्याच्या टाक्यांसाठीच्या तुमच्या जगभरच्या यादीत सात रस्ता चौकामागची आमची एवढीशी गल्ली तू सुचवलीस. टाकी होणार, चौथ्या दिवशी येणारं पाणी रोज येणार, हे ऐकून शेजारच्या शांतम्मानं घरोघर पेढे वाटले होते.

मग तू कळवलंस, नाव गळालं. शेरा असा की पाहणीत टंचाई आढळली नाही. असं कसं झालं, म्हणून तू फोनवर विचारलंस. मी म्हणालो, काही तांत्रिक अडचण असेल.

तांत्रिक अडचण मीच, बाळ.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी गल्लीची सभा घेतली. घरोघरची पाण्याची पिंपं आपल्या गल्लीतल्या प्रदीपच्या टेम्पोत भरून चिंचोळी एमआयडीसीत, त्याच्या शेडवर रवाना केली. गल्ली कशी स्वच्छ, मोकळी दिसावी! पाण्याची पाळी पाहुणे गेल्यानंतरच्या दिवशी होती. पाणी मात्र नेमकं पाहुणे खुर्चीवर बसलेले असताना आलं. सगळ्या नळांना एकदम धार, आणि गल्लीत एक पिंप नाही.

"धर्मा, पानी चाललंय की रं!" अक्का ओठ न हलवता म्हणाली.

"हसत राहा."

"हसतीयाच की. पर चार दिस काय पिऊ, तुजं संस्कृत?"

शांतम्मा गटाराकडं बघत पदरानं डोळे टिपत होती. पाउलोसाहेब वहीत लिहीत होते. निघताना म्हणाले, त्यांची आईही गावाकडे पिंपं भरून ठेवायची. तुम्ही कुठे ठेवता? त्या भल्या माणसानं मला खरं बोलायला दार उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "आम्हाला गरज पडत नाही." रोज पंचशील म्हणणारा तुझा मामा!

का, ते सांगतो. तुमचा गेल्या वर्षीचा अहवाल तू पाठवला होतास. मुखपृष्ठावर डोक्यावर हंडा घेतलेली कुठल्याशा देशातली बाई. अक्कानं विचारलं, "हिचं नाव काय लिवलंय?" मी शेवटच्या पानापर्यंत चाळलं. नाव नव्हतं. विड्या वळून मला शिकवणारी आपली अक्का, मुक्ताबाई, जगापुढं तशी बिननावाची उभी राहू नये, एवढंच मनात होतं. तिला झाकता झाकता तिची टाकी घालवली.

घडलं ते सगळं पाउलोसाहेबांसाठी इंग्रजीत लिहून सोबत जोडलंय. सही माझ्या एकट्याची. यादी जूनमध्ये पक्की होणार म्हणालीस, तोवर हे त्यांच्या हाती पडू दे. गल्लीचा दोष नाही. उलट शांतम्मानं माहेराहून आणलेल्या पाण्यातल्या दोन घागरी आमच्या उंबऱ्यात ठेवल्या आणि मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. अशा शेजारात आयुष्य गेलं, याहून जास्त काय मागू? फोटो हवाच असेल तर खाली नावं छापा म्हणावं. अक्का तयार आहे. इस्त्रीची साडीसुद्धा काढून ठेवलीय.

हे फोनवर बोलता आलं नाही, कारण अक्का शेजारीच बसलेली असते. त्या चार दिवसांत, मी शाळेत गेलो की ती कोपऱ्यावरच्या बोअरवरून दोन जिने चढून पाणी आणत होती. तिसऱ्या दिवशी जिन्यात पडली. हाड मोडलं नाही, मनगट अजून सुजलेलं आहे. "कीर्तीला सांगू नगंस," म्हणाली, आणि काल पिंप तळाला गेलं तशी पुन्हा हंडा घेऊन निघाली. एकाहत्तर वर्षांची आहे गं ती. पुन्हा पडेल, आणि तेव्हा मी शाळेत असेन, याची मला भीती वाटते.

तुझा अपराधी मामा,
धर्मपाल