आवक एकशे सदतीस, जावक निरंक

२ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
रजेचा पहिला दिवस. पूर्ण चार आठवडे. साहेबांनी कारण विचारलं, मी अर्जावर ‘लेखन’ असं टपोऱ्या अक्षरात लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. एकोणीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्यांचे कागद नोंदवणाऱ्या माणसाकडे स्वतःचंही काही असू शकतं, हे पचायला वेळ लागतो. लागू दे.

परिस्थिती अशी. मास्तरांना एकांकिका हवी आहे. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. आमची हौशी नाटकमंडळी त्यांच्याच दुकानात शटर अर्धं ओढून तालमी करते. २८ला हॉल ठरला आहे. मुख्य काम बायकोचं. अकरा वर्षांनी ती स्टेजवर उभी राहणार. मध्यंतरी तिला कामं आली होती, नाही असं नाही. पण मी तेव्हाच सांगितलं होतं, थांब, तुझ्यासाठी मीच लिहितो. म्हणून तिने बाकीच्यांना नकार दिला. बाई शब्दाची पक्की आहे.

मास्तरांची अट एकच. १४ तारखेला संध्याकाळी स्क्रिप्ट हातात. नाहीतर त्यांच्याकडे एक तयार फार्स पडून आहे, तो बसवणार. त्यात बाईचं पात्रच नाही.

चिंता नको. लोकांचं रडगाणं असतं की सुचत नाही. माझी नोंदवही काढली: आवक ११२. प्रत्येक कल्पनेला क्रमांक, तारीख, विषय, शेरा. जावकच्या पानावर ‘निरंक’. ते १४ला बदलेल.
संकल्प: गुरुवारपर्यंत एक निवडणे.

४ मार्च, बुधवार
बायको म्हणते, कुठलीही एक घे आणि लिहायला बस. कुठलीही! सतरा वर्षांच्या संसारात इतकं बेजबाबदार वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं. एक घ्यायची म्हणजे एकशे अकरा जणींना घराबाहेर काढायचं. मी तसला माणूस नाही.

११२ फायली आणल्या. दुकानदाराने विचारलं, शाळा काढताय का? दिवसभर कागदांना भोकं पाडली. संध्याकाळी मनगट धरलं. पण काम कसं डोळ्यांना दिसतं आहे.

६ मार्च, शुक्रवार
गुरुवार गेला. गुरुवार मुळात अंदाजे धरला होता.

आज गुणपद्धत. दहा निकष, प्रत्येकी दहा गुण. नाट्यमयता, नेपथ्याचा खर्च, शेवटाची धार वगैरे. निकाल: सर्वांत जास्त ७४, सर्वांत कमी ७१. ७४ गुणांवर एकोणतीस कल्पना. बायकोने विचारलं, मग ठरलं काय? ठरलं असं, की दर्जा सरसकट वरचा आहे.

मेहुण्याचा फोन. म्हणाला, चिठ्ठ्या टाका. हा माणूस पंखे दुरुस्त करतो. मी कधी त्याला पंख्यातलं शिकवायला गेलो नाही.

८ मार्च, रविवार
बायकोने आवाजाचे व्यायाम सुरू केले आहेत. सकाळी लॅबमध्ये कामाला जाण्याआधी अर्धा तास गच्चीत. वरच्या मजल्यावरचे लोक विचारून गेले, कोणाला बरं नाही का?

दुपारी मास्तर टेप घेऊन तिचं माप घ्यायला आले. मी म्हटलं, अहो, नाटक कुठलं ते ठरलं नाही, कपडे कसले शिवता? म्हणाले, साधा वेष शिवतो आणि शिवणीत कापड राखून ठेवतो, नाटक निघेल तसं आत-बाहेर करू. कलेकडे हा माणूस असा बघतो.

माप देताना बायको हात पसरून ताठ उभी होती. तिचा असा खुललेला चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मला आनंद झाला आणि मी उठून सगळ्या फायली पुन्हा क्रमाने लावल्या. क्रम बिघडला नव्हता.

१० मार्च, मंगळवार
नवीन आवक ९. लिहायला सुरुवात!

क्र. ३८चं पहिलं पान झालं. अकरा वीसला वाटलं, हा क्र. ५७वर अन्याय आहे. म्हणून ५७चंही पहिलं पान लिहिलं. मग न्याय करायचा तर सगळ्यांनाच करायला हवा. संध्याकाळपर्यंत चौदा पहिली पानं. वेग जबरदस्त आहे. शिवाय बहुतेकांची सुरुवात ‘एक खोली. एक बाई बसली आहे’ अशीच येते, त्यामुळे तेवढं आधीच टाइप करून ठेवलं. पद्धतशीर माणसाला असे फायदे होतात.

१२ मार्च, गुरुवार
मास्तरांना मुदतवाढीचं पत्र दिलं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर. त्यांनी उलटं करून मागच्या बाजूला कुणाच्या तरी पँटची उंची लिहिली. म्हणाले, चौदा म्हणजे चौदा.

बायकोने आज फक्त कॅलेंडरवर चौदा तारखेला गोल केला. हे विचारण्यापेक्षा वाईट असतं.

१४ मार्च, शनिवार. रात्री ८
आवक १३७. निवड अंतिम टप्प्यात होती, हे आधी नमूद करतो.

बायको अर्धी रजा टाकून दुपारी घरी आली. म्हणाली, नोंदवही दे. मी अभिमानाने दिली. ती पलंगाच्या कडेवर बसून दीड तास वाचत होती. क्र. ७२ला तरी हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

शेवटचं पान मिटून म्हणाली, “अरे, हे सगळं एकच आहे.”

मी विचारलं, एकच कसं? तिने सांगितलं. सगळीकडे एक बाई खोलीत बसली आहे आणि कोणाची तरी वाट बघते आहे. “एकशे सदतीस वेळा बसवून ठेवलंयस मला.”

मी मुद्देसूद खोडून काढलं. क्र. १९मध्ये दीपगृह आहे. क्र. ६४ तर पाणबुडीत घडतं. ती म्हणाली, पाणबुडीतही ती बसलेलीच आहे. मी फाईल काढून पाहिली. बसलेली आहे.

तरी मी हार मानली नाही. उलट तिचं म्हणणं मला फार आवडलं. नवीन कल्पना म्हणून नोंदवणार होतो, तर नोंदवही घेऊन ती मास्तरांकडे निघूनही गेली होती.

१५ मार्च, रविवार
मास्तरांकडून कळलं ते असं. तिने गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून, हातात कागद नसताना, पंचवीस मिनिटं बोलून दाखवलं. एक बाई दोन ताटं वाढून बसली आहे. वेळ जावा म्हणून ती आजवर ऐकलेल्या वाट बघणाऱ्या सगळ्या बायकांच्या गोष्टी सांगते. दीपगृहवाली, पाणबुडीवाली, सगळ्या. मास्तरांनी मशीन बंद ठेवलं होतं. म्हणे धागा ओवायचंही सुचलं नाही. तेच नाटक करायचं ठरलं. ती लिहून काढते आहे. फार्स गेला कपाटात.

मी चार पानी हरकत तयार केली. माल माझा आहे! ती म्हणाली, “खरंय. तुझं नाव घालायचं ना? कसं घालू?”

आता हा प्रश्न सोपा नाही. ‘मूळ कल्पना’ म्हटलं की कमी वाटतं. ‘संकल्पना’ जड होतं. ‘बीज’ शेतीचं वाटतं. बुधवारपर्यंत सांगतो म्हटलं.

१९ मार्च, गुरुवार
जाहिरातीचं पत्रक छापून आलं. माझं नाव नाही. सहा पर्यायांवर आलो होतो मी! इतकी घाई असलेल्या जगात चांगलं काम होणार कसं? बायको म्हणाली, काल दोनदा विचारलं होतं, तू थांब म्हणालास. म्हणालो असेन. थांब म्हणणं हा गुन्हा नाही.

२१ मार्च, शनिवार
मोठी बातमी. मला काम मिळालं. शेवटी बाईच्या गोष्टी संपतात, ती दाराकडे बघते आणि बाहेरून खोकल्याचा आवाज येतो. तो आला, असं प्रेक्षकांना कळतं. ती उठते, पडदा. तो खोकला माझा.

मेहुणा म्हणाला, एवढंच? त्याला कोण समजावणार? पंचवीस मिनिटांचं नाटक त्या एका खोकल्यासाठी थांबलेलं आहे.

२५ मार्च, बुधवार
खोकल्याचे सात प्रकार तयार. १ साधा. २ अपराधी. ३ कोरडा, थकलेला. ४ घरच्या हक्काचा. ५ आजारी. ६ अडवलेला. ७ दोन भागांत. तालमीत प्रत्येक वेळी वेगळा लावून बघतो. मास्तर म्हणाले, कुठलाही चालेल. बायकोही तेच म्हणाली. या दोघांनी माझ्याविरुद्ध एकच शब्द पाठ केला आहे.

२८ मार्च, शनिवार. दुपारी २
क्र. ३. पक्कं. आता माघार नाही. गरम पाणी पितो आहे. आज लोकांना कळेल.

२९ मार्च, रविवार
काल प्रयोग झाला.

खरं सांगायचं तर पहिली वीस मिनिटं मी खोकल्याचा विचारच केला नाही. मी विंगेत, दाराच्या मागे उभा होतो आणि ती बोलत होती. हॉलमध्ये खुर्ची हललेली ऐकू आली नाही. ही बाई रोज माझ्यासमोर चहा पिते आणि मला माहीतच नव्हतं की ती असं काही करू शकते. नाही, माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी माहीत होतं. हिला मी थांबवून ठेवलं, असं सरळ मनात आलं आणि मला रडू फुटलं. रडू आलं याची मला लाज नाही.

मग ती दाराकडे वळली. माझी वेळ.

क्र. ३ घेणार, तर रडल्याने घसा ओला. कोरडा कसा काढू? ५ घेतला तर माणूस मरायला टेकल्यासारखा वाटेल. ४ घरच्या हक्काचा, तर तो हक्क त्या क्षणी मला वाटेना. २ला तोंड उघडलं आणि वाटलं, ७ का नको? समोरच्या विंगेतून मास्तर स्वतःचा गळा धरून खुणा करत होते. ती दाराकडे बघत राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. लोकांनी श्वास रोखला होता.

मग तिने तोंड फिरवलं. दुसरं ताट उचलून बाजूला ठेवलं. म्हणाली, “असू दे. मी जेवून घेते.”

आणि खरंच जेवायला बसली. पडदा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मागे कोणीतरी बाई मोठ्याने रडत होती.

मास्तर म्हणाले, हाच शेवट. आणखी तीन प्रयोग मिळाले आहेत, खोकला सगळ्यांतून काढला. मी बायकोला सांगितलं की निर्णय झाला होता, फक्त घशाने ऐन वेळी दगा दिला. ती तोंडाचा रंग पुसत होती. म्हणाली, नाही खोकलास ते बरं झालं. रागावलेली नव्हती. खूश होती.

पुढच्या शनिवारी दुसरा प्रयोग. मला तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची दिली आहे. तिथे खोकला आला तर बाहेर जायचं, असं मास्तरांनी बजावलं आहे.