बाबांच्या बीपीचं खापर

ती. आईस, लांबूनच नमस्कार.

माझं बरं चाललंय, जेवण वेळेवर होतं. तुझी बीपीची गोळी चुकत नाही ना?

प्रयोगशाळेत मी बीपी वाढलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडाचे काप तपासते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे ठाण मांडून बसलेल्या दिसतात. बाहेरचा जंतू कुणी नसतो, तरी त्या लढत राहतात आणि बीपी आणखी चढतं. वरून काही कळत नाही.

काल बाबांची फाईल पुन्हा काढली. बीपी वाढल्याची पहिली नोंद दादा भांडून घर सोडून गेला, त्याच्या दोन वर्षं आधीची आहे. बाबांचं नेमकं कशानं वाढलं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. आपण मात्र सगळं खापर दादावर फोडून मोकळे झालो. बाबा गेले त्या दिवशी तो धावत आला, तेव्हा "तूच मारलंस त्यांना" असं दारातच म्हणणारी मीच होते.

माझा फोन तो उचलत नाही. तुझा उचलतो का गं?

सोबत फाईलमधल्या त्या पहिल्या नोंदीच्या कागदाची प्रत आहे, ती दादाला दे. मी पाठवली म्हणालीस तर तो बघणारही नाही. कपाटात सापडली म्हण.

तुझी,
धाकटी