डिशला लावलेलं अस्तर

आदरणीय वन्सं,

वाकून नमस्कार. (त्यात आदर किती आणि धरलेली कंबर किती, हे पत्र वाचून तुम्हीच ठरवा.) तुमचा गुडघा, तुमच्या यजमानांचा खोकला आणि तुम्हा दोघांमधला अबोला, तिन्ही आता उतारावर असतील अशी आशा आहे. इकडे डोंगरात तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत. जो माणूस कशालाच हात लावत नाही, त्याला धाड कशाला भरेल? आईंचं जेवण मात्र सुटलं होतं, आणि त्यावर फोनवरून तुम्ही काढलेला तोडगा माझ्या लक्षात आहे: रविवारी गाडी घेऊन यायचं आणि थंडी सरेपर्यंत आईंना तुमच्या घरी न्यायचं. माझी काहीच हरकत नाही. अडतीस वर्षं मी त्यांच्याकडून मिठाचं प्रमाण शिकते आहे. शिकणाऱ्यालाही सुट्टी लागतेच. पण "तुझ्याच्यानं साधा टीव्ही सांभाळवत नाही, आईला काय सांभाळणार" हे जे तुम्ही म्हणालात, ते मला लागलं. म्हणून झालं ते सगळं सविस्तर लिहिते आहे.

आई संध्याकाळी साडेसातला जेवतात, आणि साडेसातलाच टीव्हीवर तो हवामान सांगणारा येतो. आई त्याला कोटवाला म्हणतात. त्यानं नकाशावर हात ठेवला की आईंनी पहिला घास घ्यायचा, तो "उद्या भेटू" म्हणाला की "ये हो बाबा" म्हणायचं आणि हात धुवायचे. गेली तीन वर्षं असंच चाललंय. (माझ्याशी इतक्या गोडीनं त्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बोलल्या नव्हत्या.) गेल्या आठवड्यात सोमवारी तो नेमका येत्या बर्फाबद्दल सांगायला लागला, आणि तो बर्फ आमच्या टीव्हीच्या डिशमध्ये आधीच येऊन बसलेला. कोटवाल्याचे आधी चौकोन झाले, मग तो एक हात वर करून थिजला, मग पडदा काळा. आईंनी ताट सरकवलं. "त्याला काहीतरी झालंय," म्हणाल्या. मी सांगितलं, त्याला काही झालेलं नाही, आपल्या डिशला झालंय. तर म्हणाल्या, "तू डॉक्टर आहेस का?" मंगळवारी अर्धं ताट, बुधवारी चार घास, गुरुवारी नुसतं दूध, तेही नाक मुरडून.

मी कंपनीला फोन केला. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लोकांचे आवाज जोडून दिले. कुणाला कधी चाळीस मिनिटं बासरी ऐकवत ठेवलं नाही. शेवटी एक मुलगी आली, तीही इतक्या गोड आवाजात की राग कुठे ठेवावा कळेना. हवामान सुधारलं की चित्र आपोआप दिसेल, म्हणाली. मी विचारलं, हवामान कधी सुधारेल? तर म्हणे, त्यासाठी टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्या बघत राहा. मी रिसीव्हर अतिशय सावकाश खाली ठेवला. (शिस्त लहानपणी लागली की जन्मभर छळते.)

तेव्हा तुमचे बंधुराज पुढे सरसावले. तुम्हाला माहीतच आहे, त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. बर्फाचे सात प्रकार ते खुर्चीत बसून सांगू शकतात, फक्त खुर्चीतून उठायचं तेवढं राहून जातं. या खेपेला मात्र उठले, बांबूला झाडू बांधला आणि मागच्या पत्र्यावरची डिश खालूनच झाडायला घेतली. बर्फ पडला, पण डिशचं तोंडही शेजाऱ्यांच्या चिमणीकडे वळलं. डिशवाल्याला बोलवावं लागलं. त्यानं ती सरळ केली आणि "काका, हिला हात लावू नका," असं बजावून गेला. तो कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच काकांनी तिला स्वयंपाकाचं तेल चोपडलं, का तर बर्फ घसरून जाईल. बर्फ घसरला की नाही ते माहीत नाही, कारण सकाळी डिशमध्ये गल्लीतल्या तीन मांजरी बसलेल्या. शुक्रवारी त्यांनी तिच्यावर माझी छत्री बांधली. वाऱ्यानं ती नेली. कुठे नेली ते कळलं तर कळवीन.

अखेर मी स्वतः पदर खोचला. डिशला अंगाबरोबर बसणारी टोपी शिवायची, हे दुसऱ्या कुणाला सुचलं असतं? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, अस्तर नसलेला कपडा म्हणजे अर्धवट कबुलीजबाब. जुन्या रेनकोटचं कापड घेतलं, कडेला इलॅस्टिक घातलं, आणि आतून गाडीच्या काचेला उन्हासाठी लावतात त्या चंदेरी पडद्याचं अस्तर दिलं. टाके इतके बारीक की सिस्टरांनी भिंगातून पाहिले असते तरी दोष निघाला नसता. शनिवारी शिडीवर चढून मी ती स्वतः बसवली. (कंबर धरली ती तिथेच.) बर्फाचा कणही आत नाही. आणि टीव्हीवर चौकोनसुद्धा नाहीत. नुसता काळोख.

वन्सं, मी पुढचे दोन दिवस कंपनीला बोलले, टीव्हीखालच्या डब्याला बोलले, तुमच्या बंधूंच्या तेलाला बोलले. परवा डिशवाला पुन्हा आला, शिडीवर चढला, टोपीखाली बोट घातलं आणि वाकून आत पाहिलं. "काकू, हे चंदेरी काय लावलंय?" मी म्हटलं, अस्तर. तो म्हणाला, "यातून सिग्नल आत जात नाही हो. काकांनी तिला नुसता त्रास दिला होता, तुम्ही तर पुरलीत." तुमचे बंधुराज खाली शिडी धरून उभे होते. ते सगळं त्यांनी कान देऊन ऐकलं.

दुपारी खिडकीशी बसून मी उसवायला घेतलं. आठ दिवस धड न जेवलेल्या आई काठी टेकत आल्या, समोर बसल्या आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं. मी सुरी फिरवतेय, टाका सुटत नाहीये. तेव्हा म्हणाल्या, "शिवण पक्की आहे तुझी. उसवता उसवत नाही." अडतीस वर्षांत पहिल्यांदा. मला दोरा दिसेनासा झाला, तर म्हणाल्या, "चष्मा पूस आधी."

काल बिनअस्तराची टोपी चढवली. साडेसातला बाहेर भुरभुर चालू होती आणि आत कोटवाला नकाशासमोर उभा. आईंनी त्याला खडसावलं, "आठवडाभर होतास कुठे?" आणि पूर्ण ताट संपवलं. मग मीठ कमी आहे म्हणाल्या. इतका बरा वाटणारा दोष मी आजवर ऐकला नव्हता.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. टोपीची कल्पना आपली होती असं तुमचे बंधू गल्लीत सांगत आहेत. विश्वास ठेवू नका.

ता. क. २. मघाशी सुट्टीबद्दल लिहिलं ते रागात लिहिलं. वन्सं, आईंना नेऊ नका. तुम्हीच या, चार दिवस राहा, हव्या तेवढ्या चुका काढा.

ता. क. ३. कोटवाला म्हणाला, रविवारी लख्ख ऊन आहे, रस्ते मोकळे. आईंनी मला तुम्हाला असं कळवायला सांगितलंय की रविवारी फार बर्फ आहे, गाडी मुळीच काढू नकोस. मला खोटं लिहिता येत नाही, म्हणून दोन्ही अंदाज कळवले. कुणाचा खरा मानायचा ते तुम्ही ठरवा.