बोटभर कोथिंबीर

८ डिसेंबर
परसातला पालक गेला. कालच्या थंडीनं पानं काळी पडली, हात लावला की लिबलिबीत. वरून गोणपाट टाकलं होतं — काही उपयोग नाही!
हिच्या पोटात आजही काही नाही. केमोच्या औषधांनी तोंडाची चवच मेलीय. "अहो, सगळं लोखंडासारखं लागतं." कोथिंबिरीचं पान चुरगळून नाकाशी धरलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. त्यावर दोन घास खाल्ले. दोन!
लगेच पुदिन्याची कुंडी आत आणली, रिकाम्या कुंड्यांत धणे पेरून त्याही. तिच्याच खोलीत, पलंगाशेजारच्या खिडकीत. ऊन तिथेच येतं.

१९ डिसेंबर
धणे रुजले. पुदिन्यानंही जीव धरलाय. ही पडल्या पडल्या हुकूम सोडते — "पाणी बेतानं! मुळं कुजवाल." मग म्हणाली, "लग्न कशाला केलं मी? माळी ठेवला असता तरी भागलं असतं." हसता हसता धाप लागली.

२३ डिसेंबर
ताप. दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई तडकल्याच — "माती? यांच्या खोलीत? आणि कच्चा पाला? अहो, जंतूंशी लढायची ताकद नाहीये यांच्यात, सांगितलं होतं ना!"
सांगितलं असेल. माझ्या डोक्यात शिरलं नसेल. मीच केलं हे. माझ्या हातानं.

२४ डिसेंबर
ताप उतरत नाही.

२६ डिसेंबर
सगळ्या कुंड्या बाहेर नेऊन उपड्या केल्या. खोली फिनेलनं पुसली, परत पुसली. मेहुणी दारात — "भाऊजी, त्या रोपांनी काय घोडं मारलंय तुमचं?" तिच्यावर ओरडलो. मग तिथेच चिखलात बसून रडलो. तिनं उठवलं नाही. शेजारी बसली.

२९ डिसेंबर
मातीचा काही संबंध नव्हता! औषधांसाठी आधीपासूनच हाताला बसवलेल्या नळीतून संसर्ग झाला, म्हणे. डॉक्टरीणबाई चालता चालता सांगून गेल्या. घरी पळालो. रोपं गारठून आडवी झालेली. एकही उभं नाही.
संध्याकाळी हिनं विचारलंच, "कोथिंबीर केवढी झाली?"
"बोटभर," म्हणालो. तेवढ्यानंच खूश झाली.

२ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी मला दाराबाहेर बोलावलं. औषधं आता लागू होत नाहीत. "घरी न्या. आता पथ्य काही नको, आवडेल ते खाऊ दे त्यांना."
एवढं शेवटचंच आत ऐकू गेलं असावं. मी गेलो तर ही बहिणीला फोनवर सांगत होती — "अगं, पथ्य सुटलं माझं! घरी सोडतायत!"
आणि माझ्याकडे बघून, "हो ना हो?"
मी हो म्हणालो.