बाटल्या मी धुते

३ जून
मी सांगतेय, बउमा लिहितेय. एवढं तरी सुनेने करावं.
प्रयोगशाळेतल्या बाटल्या आता नियमाने धुवायच्या. तिथे पीएचडी करणारी तोर्षा मला दिदा म्हणते, म्हणजे आजी. म्हणाली, "दिदा, नळाच्या पाण्यानंतर डब्यातल्या शुद्ध पाण्याने तीनदा विसळ." डबा दुसऱ्या मजल्यावर. माझे गुडघे तळमजल्यावर. उद्यापासून.

११ जून
गुडघे. सोमवारपासून नक्की.
यकृतात लोखंडाचा कण घेऊन बसलेलं एक एन्झाइम असतं म्हणे, औषधं पचवणारं. तोर्षा लोखंडाचं इवलंसं संयुग बनवून त्याची नक्कल करते. चार वर्षं जमलं नाही. जानेवारीत मी कामाला लागले, फेब्रुवारीत जमलं. मी कुणाला काही बोलत नाही. फक्त सांगते.
बउमा म्हणते, इथल्या पाण्याने साड्या पिवळ्या पडतात. पडू देत. बाटल्या काचेच्या आहेत.

२ जुलै
पेपर छापायला गेला. मिठाई वाटली, संदेश. मी चार खाल्ले. दुर्गापूजेच्या आत थिसिस. तोर्षा म्हणाली, "आभारात तुझं नाव घालते." वाचता येणार नाही, पण बोट ठेवून बघेन.

१९ ऑगस्ट
जर्मनीत कुणी तेच संयुग करून बघितलं. जमलं नाही. जमेल कसं? तिथे बाटल्या कोण धुतं? म्हटलं, "मला पाठव." तोर्षा हसली नाही.

२५ ऑगस्ट
आज तिने बाटलीत संयुग घातलंच नाही, बाकी सगळं घातलं. तरी जमलं! मी टाळ्या वाजवल्या. नुसती माझी बाटली पुरते!
ती म्हणाली, "दिदा, कशी धुतेस दाखव." दाखवलं, झोकात, नळाखाली.
"आणि डब्यातलं पाणी?"
"सोमवारपासून," म्हटलं.
बेसिनमधला तांबडा डाग ती नखाने खरवडत राहिली. "हेही लोखंडच, दिदा, नळाच्या पाण्यातलं. काम हे करत होतं. माझं नाही."

२८ ऑगस्ट
तिने स्वतः शुद्ध पाण्याने बाटल्या धुतल्या. संयुग घातलं. काही झालं नाही. पुन्हा घातलं. नाही. तिच्या सरांनी पेपर मागे घेतला. फेलोशिप महिनाअखेर संपते. मुढीची, कुरमुऱ्यांची, वाटी पुढे केली, तिने हात लावला नाही. म्हणाली, "मीच बघायला हवं होतं, दिदा." ओरडली असती तर बरं झालं असतं.

१ सप्टेंबर
दुसरा मजला चढले. डबा खाली आणला. एकेक बाटली तीनदा विसळली. चकाचक. तोर्षाच्या टेबलावर ओळीने मांडायला गेले. टेबल आवरलेलं होतं, कपसुद्धा नव्हता.
बउमा, पुरे. उद्यापासूनचं काही लिहू नकोस.