चाळीस हजार घरं आणि आमचा जिना

ग्लासगो, मंगळवार

चि. रॅनल्ड यास,

इशबेलताईचे आशीर्वाद (मागितले नव्हतेस, तरी घे). गुडघा कसा आहे? मेंढ्यांची खबर तू न विचारता कळवतोस, स्वतःची विचारूनही नाही.

पुढच्या गुरुवारी आमच्या गृहसंस्थेचं मतदान आहे. आमची भाड्याची तीनशे बारा घरं, एक कचेरी आणि एक आर्ची. तो भाडं घेतो, नळ दुरुस्त करतो आणि कुणाचं मांजर कुठे गेलंय तेही सांगतो. पण आमच्या इमारतीचं छप्पर गेलंय आणि ते नवं घालण्याची संस्थेची ऐपत नाही. तेव्हा चाळीस हजार घरांच्या एका बड्या संस्थेत विलीन व्हायचं की नाही, हे सभासद ठरवणार. अध्यक्ष म्हणून मी भर सभेत विरोधाचा शब्द देऊन बसले आहे. विरोध करायचा तर नीट पाहून करावा, म्हणून मागच्या सोमवारी त्यांच्या मुख्य कचेरीत गेले.

रॅनल्ड, मी थक्क झाले (चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई सहसा होत नाही). एका दालनात साठ माणसं कानाला यंत्रं लावून बसलेली, समोर भिंतभर शहराचा नकाशा, आणि कुठे नळ गळला की तिथे लाल ठिपका. आमचे कागद त्यांनी तपासायला आधीच नेले होते. एक मुलगी मला म्हणाली, "आजी, तुमच्या न्हाणीघराच्या खिडकीची दोरी चौऱ्याण्णव साली बदललीय." "आजी कुणाला म्हणतेस?" असं मी दरडावलं खरं, पण आतून हलले. मला स्वतःला ते आठवत नव्हतं!

मग त्यांचे संचालक लिडेल यांनी आलेख दाखवला. संस्था वाढते तसा घरामागे खर्च उतरतो, म्हणाले. रेघ उतरतही होती, पण तिच्या टोकावर त्यांचं बोट होतं.

"बोट उचला."

उचललं. काही हजार घरांनंतर रेघ पुन्हा वर निघाली होती.

"त्या टोकाचा अभ्यास करायला आम्ही एक विभाग नेमलाय, बाई."

"त्या विभागाचा खर्च कुठे धरलात?"

"त्या टोकातच," ते म्हणाले, आणि लाजले. माणूस मला आवडला.

परतताना जिन्याने उतरले (लिफ्टवर माझा विश्वास नाही). जिना कळकट! आपल्याकडे ज्याची जिना धुवायची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला पाटी अडकवतात आणि तो मुकाट्याने धुतो. सकाळीच मी माझी पाळी उरकली होती, पुढच्या पाळीवाल्याच्या दाराला लावायची पाटी पर्समध्येच राहिली होती. हात सवयीने चालला. परत वर जाऊन ती लिडेलांच्या दाराला अडकवली आणि घरी आले.

खरी थक्क झाले ती यानंतर. त्यांनी पाटी तक्रार म्हणून नोंदवली, आणि संध्याकाळीच फोनवर मला तिचा क्रमांक मिळाला. बुधवारी एक गृहस्थ फीत घेऊन आले आणि जिना मोजून गेले (आमचा!). गुरुवारी एक बाई आल्या, जिन्यावर कुणी घसरलं होतं का ते विचारायला. शनिवारी पाटी मऊ कागदात गुंडाळून, खोक्यात घालून परत आली. सोबत पत्र: श्री. लिडेल यांच्या पदाच्या कामांत जिना येत नाही, सबब पाळी त्यांच्याकडे वर्ग करता येत नाही. शिवाय, आपण समाधानी आहात का, यावर चाळीस प्रश्न. सगळं वेळेवर, सगळे नम्र, कुणाचं काही चुकलं नाही, आणि जिना तसाच. एवढं अवाढव्य, एवढं निर्दोष काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आर्ची म्हणाला, "बाई, एवढ्या वेळात मी अख्खी गल्ली धुतली असती."

"धुतली असतीस रे. आणि छप्पर?"

वरच्या मजल्यावरच्या बादल्या रोज सकाळी तोच रिकाम्या करतो.

तुझी,
इशबेलताई

ता. क. सोबत मतपत्रिका आहे. एकोणऐंशी साली माझ्या मागच्या खोलीत राहत होतास तेव्हा एक पौंड भरून सभासद झाला होतास. नाव कुणी खोडलेलं नाही. उलटटपाली पाठव.

ता. क. २. मी गल्लीचा अंदाज घेतला आहे. एक मत कमी पडतंय. कोणत्या बाजूला, ते विचारू नकोस.

ता. क. ३. विचारशीलच. होकाराच्या. वरच्या मिसेस बुकॅनन चौऱ्याऐंशीच्या आहेत, खोली गळते म्हणून पलंग स्वयंपाकघरात ओढून झोपतात. काल मलाच म्हणाल्या, "इशबेल, तू आहेस म्हणून आपली संस्था वाचणार हो!" मी दिलेला शब्द मोडणार नाही, माझं मत विरोधातच पडेल. तू मात्र कुणालाही शब्द दिलेला नाहीस.